साळूची बॅटरी काही मरेना

एका जंगलात, बाळांनो, चक्क विद्यापीठ होतं. हसू नका, तिथेही पगार होतात.

तिथे साळू नावाची साळिंदर बॅटरीवर संशोधन करायची. नोकरी कंत्राटी. सात वर्षं दर वर्षी नवा अर्ज, नवं बीळ. बिचारी पार टेकीला आली होती. यंदा कायमची एक जागा निघाली, आणि ती तिला हवीच होती.

तिथली रीत अशी, की बॅटरी बनवायची, मग ती मरेपर्यंत भरायची, वापरायची, पुन्हा भरायची. मेली की ती किती टिकली त्यावर निबंध छापायचा.

साळूने कोळसा आणि जांभळाच्या रसाची बॅटरी केली. ती मरेचना! पाच वर्षं झाली तरी ठणठणीत. शेवटी साळूने ती विद्यापीठाच्या अंधाऱ्या गुहेतल्या दिव्याला जोडून टाकली.

शेजारचे सरडेसर मात्र बिलंदर. त्यांच्या बॅटऱ्या दुपारपर्यंत राम म्हणायच्या. एक का मेली, दुसरी कशी मेली, तिसरी जरा उशिरा मरेल का, असे त्यांचे त्रेसष्ट निबंध झाले.

मुलाखत गुहेतच होती. समोर अध्यक्ष गवेसर, शेजारी दुसरे उमेदवार सरडेसर.

"साळूबाई, निबंध किती?"

"एकही नाही, सर. बॅटरी अजून चालू आहे."

"अरेरे! सात वर्षांत एक बॅटरी मारता येऊ नये?"

"सर, माझा अर्ज तुम्ही तिच्याच उजेडात वाचताय."

"विषयाला धरून बोला. अजून वेळ गेलेली नाही. आत्ता मारलीत तर जागा तुमची."

काम सोपं होतं. बॅटरीची दोन टोकं एका तारेने जोडली की खेळ खलास. साळूने तार हातात घेतली. कायमचं बीळ डोळ्यांसमोर आलं. पण हात काही पुढे जाईना.

"नाही जमणार, सर."

"मग जागा सरडेसरांना."

साळूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग असा राग आला म्हणता! तिने दिव्याची वायर उपटली, बॅटरी काखोटीला मारली आणि तरातरा निघून गेली.

गुहेत मिट्ट काळोख झाला.

"अहो, कोण माझ्या शेपटीवर उभं आहे?" सरडेसर कळवळले.

"मीच. जरा थांबा," गवेसर म्हणाले. "दिवा का गेला, यावर आधी अभ्यास समिती नेमू. प्रमुख तुम्ही."

काळोखात टाळ्या पडल्या. सरडेसरांनी चाचपडत कागद शोधला आणि चौसष्टावा निबंध तिथेच सुरू केला.

तात्पर्य: बाळांनो, मन लावून काम करा, पण ते वेळेवर बंद पडेल याची काळजी घ्या. चालणाऱ्या वस्तूबद्दल छापण्यासारखं काही नसतं.