डुकरांच्या खोकल्याचं अनुदान

"यंदाचं युरोपचं अनुदान आपल्या खिशात आहे असंच धरा!"

आस्गेर थोरुपने भर जेवणाच्या सुट्टीत, तोंडात राईच्या पावाचा घास असताना हे जाहीर केलं, तेव्हा कुणी हसलं नाही. हसण्यासारखी परिस्थितीच नव्हती. डेन्मार्कातल्या विबोर्गजवळच्या त्यांच्या छोट्या संशोधन संस्थेची तिजोरी खडखडीत होती. अनुदान आलं नाही तर वसंत उजाडायच्या आत सगळे घरी बसणार, हे तिथल्या कॉफीच्या यंत्रालासुद्धा माहीत होतं.

आस्गेरची सगळी मदार होती त्याच्या शोधावर. तो शोध म्हणजे डुकरांचा खोकला ऐकणारं यंत्र. त्याच्या होल्गरमामाच्या डुकरांच्या शेडमध्ये छताला माइक टांगलेले. डुक्कर धुळीने खोकतंय की फुफ्फुसाच्या रोगाने, हे यंत्र डॉक्टरच्या आधी ओळखायचं आणि भोंग्यातून ओरडून सांगायचं. मागच्या थंडीत त्याने होल्गरमामाची अख्खी शेड वाचवली होती. मामा तेव्हापासून माइकची धूळ स्वतः पुसायचा. मामीला त्याने आयुष्यात इतकं जपलं नव्हतं!

अनुदानासाठी संस्थेने ऑरहूसहून सल्लागार आणली. विबेके तिचं नाव. अर्ज कसा लिहावा हे तिला कळायचं. अर्ज कशासाठी आहे, हे कळण्याची तिला गरज पडत नसे. तिने आस्गेरचं लिखाण दोन बोटांत धरून बघितलं, जणू कुणी वापरलेला रुमाल दिलाय.

"हे डुक्कर काढा."

"कुठलं?"

"सगळी! या देशात माणसांपेक्षा डुकरं जास्त आहेत हे ब्रसेल्सला पाठ आहे. परीक्षकांना वाटेल, आपण बेकनसाठी पैसे मागतोय."

"मग खोकतंय कोण?"

विबेकेने डोळे मिटले. प्रेरणा आली. "सामूहिक निवासातील संवेदनशील रहिवासी!"

शेडचं झालं निवास. खाद्याचं झालं आहारनियोजन. जनावरांचा डॉक्टर झाला आरोग्यसेवक. अर्ज वाचून आस्गेरलाच त्या शेडमध्ये राहायला जावंसं वाटलं!

आता दुसऱ्या देशांतलेही भागीदार हवे होते. विबेकेने इटलीतल्या बोलोन्याच्या प्राध्यापक ओर्नेल्लाबाई गाठल्या. त्यांचा विषय म्हातारपण. अर्ज वाचून त्या गहिवरल्याच. व्हिडिओवर आल्या त्या डोळे पुसत.

"आस्गेर, माझी आईसुद्धा अशाच निवासात आहे रे! तुमच्याकडे कसे असतात हे रहिवासी?"

आस्गेरला त्यांचा विषय ठाऊक नव्हता. त्याला वाटलं, बाईंकडेही डुकरं आहेत. आई म्हणजे माद्यांपैकी एखादी लाडकी असेल. तो खुलला.

"मजेत असतात! दिवसभर लोळतात. कंटाळले की मात्र एकमेकांना चावतात."

"चावतात?"

"म्हणून आम्ही लहानपणीच दात घासून बोथट करतो. आणि वजन नीट भरलं की सहाव्या महिन्यात ट्रक येतो."

"कसला ट्रक?" ओर्नेल्लाबाई पडद्याजवळ सरकल्या. विबेकेने झडप घालून आस्गेरचा आवाज बंद केला आणि म्हणाली, "सहलीचा! डेन्मार्कात सहली फार!"

अनुदान मिळालं. संस्थेत केक आला, केकवर चिमुकले झेंडे टोचले, संचालक किएल्ड चक्क गायला. आस्गेरने आनंदाने मंजुरीचा मजकूर उघडला आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. यंत्र विबोर्गच्या वृद्धाश्रमात बसवायचं होतं.

"किएल्ड, अरे, गैरसमज झालाय! त्यांना कळवायला हवं."

"कळव की," किएल्ड केक कापत म्हणाला. "आणि बाहेर जाऊन त्या सगळ्यांनाही सांग, की नोकरी गेली. आधी केक खाऊ दे त्यांना."

आस्गेरने बाहेर पाहिलं. प्रयोगशाळेतली लेने डोक्यावर झेंडा खोचून नाचत होती. महिन्यापूर्वीच तिने घर घेतलं होतं. तो परत आत वळला आणि केक खाल्ला.

माइकचा संच एकच होता. तो काढायला आस्गेर मामाच्या शेडवर गेला.

"थंडी तोंडावर आली," मामा शिडी धरत म्हणाला.

"थोडे दिवस, मामा. नवा संच येतोय. युरोपचं काम आहे."

"युरोपला खोकला झालाय होय?"

वृद्धाश्रमातल्या उद्घाटनाला महापौर होते, ओर्नेल्लाबाई खास बोलोन्याहून आल्या होत्या, कॉफी होती, रम घातलेले चॉकलेटचे गोळे होते. आस्गेरने आठवडाभर जागून यंत्राला माणसांचा खोकला शिकवला होता. पडद्यावरचे शब्द बदलले होते. भोंगा तेवढा विसरला!

प्रेबेन नावाचे निवृत्त मुख्याध्यापक महापौरांशेजारी बसले होते. रमचा गोळा त्यांच्या घशात अडकला आणि ते खोकले. भोंगा गरजला:

"कप्पा चार! आजारी जनावर वेगळं काढा! बाकीच्यांची विक्री थांबवा!"

कपातल्या कॉफीचीसुद्धा हलायची हिंमत होईना. कोपऱ्यातल्या आजीबाई शांतपणे म्हणाल्या, "मला जेवणावरून संशय होताच."

प्रेबेन डोळे पुसत म्हणाले, "विक्री थांबवा म्हणतंय ना? मग चांगलं आहे यंत्र!" आणि पुन्हा खोकले. भोंगा पुन्हा गरजला. महापौर वेगळे सरकून बसले.

ओर्नेल्लाबाई आस्गेरकडे वळल्या. "ट्रक," त्या पुटपुटल्या. "तो ट्रक!"

आस्गेरला वाटलं, संपलं सगळं. आतून त्याला थोडं हलकंही वाटलं. पण त्याने विबेकेला ओळखलं नव्हतं. तिने अहवालात लिहिलं, 'यंत्राने रहिवाशांमध्ये उत्स्फूर्त संवाद घडवला.' ओर्नेल्लाबाईंनी रात्रभर विचार केला आणि सही केली, कारण त्यांच्याही विभागाची तिजोरी खडखडीतच होती. ब्रसेल्स खूश झालं. दुसरा टप्पा मंजूर! नवा संच आला, तो बोलोन्याला गेला. जुना प्रदर्शनात, काचेच्या कपाटात.

फेब्रुवारीत मामाचा फोन आला, तेव्हा आस्गेर ब्रसेल्समध्ये बैठकीतून उठून दाराशी उभा होता. आतून विबेके हातवारे करून बोलावत होती.

"चार-पाच खोकतायत रे."

"धूळ असेल, मामा. शनिवारी येतो."

शनिवारी तो गेला. शेडचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबला. यंत्र तयार करताना तीन वर्षं त्याने खोकल्याशिवाय दुसरं काही ऐकलंच नव्हतं. यंत्राला जे शिकवलं, ते आधी त्यालाच पाठ झालं होतं. हा धुळीचा खोकला नव्हता. कोरडा, खोल, पोटातून येणारा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तो फिरत होता.

"डॉक्टरला बोलव, मामा. आत्ता!"

डॉक्टर आला. औषधं दिली. बरीचशी उशिरा पोचली. पुढच्या आठवड्यात खरोखरच ट्रक आला, मेलेली जनावरं उचलणारा. अर्धी शेड रिकामी झाली. मामा पाण्याच्या पाइपने मोकळे कप्पे धूत राहिला. आस्गेर शेजारी झाडू घेऊन.

"दारातूनच ओळखलंस तू," मामा म्हणाला. "माइकशिवाय."

"हो."

"मग फोनवर का नाही ओळखलंस?"

"फोनवर कसं ऐकू येणार, मामा?"

मामाने पाणी बंद केलं. आवाज चढवला नाही, हेच वाईट.

"मी शेडमधूनच बोलत होतो. तुला ऐकवावं म्हणूनच आत आलो होतो. तू म्हणालास, मागे फार गोंगाट आहे, जरा बाहेर जाऊन बोल."

मामाने पुन्हा पाणी सोडलं.

सोमवारी बोलोन्यात दुसऱ्या टप्प्याचं उद्घाटन होतं. ओर्नेल्लाबाईंनी आस्गेरला हाताला धरून मंचावर नेलं. "हा पाहा," त्या म्हणाल्या, "युरोपातला सगळ्यात तयार कान!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो मात्र आस्गेरला स्वच्छ ऐकू आला.