रकाना क्रमांक सात

आपल्याला काय शिकायचंय हे विद्यार्थ्याला प्रवेशाच्या दिवशीच ठाऊक असणं, ही आमच्या महाविद्यालयाच्या नियमात बसणारी बाब नाही. मी दिशा कक्षाचा वरिष्ठ लिपिक. नव्या मुलांना दिशा देण्याचं काम गेली अकरा वर्षं माझ्या टेबलावरून चालतं आणि या अकरा वर्षांत असला प्रकार एकदाच घडला. तो निस्तरताना आमच्या नाकी नऊ आले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुलगी वडिलांबरोबर आली होती. वडील बोअर मारायच्या गाडीवर कामाला. कॉलरवर दगडाची पांढरी भुकटी तशीच होती. मुलीने अर्ज माझ्यापुढे ठेवला. अक्षर सुरेख, खाडाखोड नाही. पण रकाना क्रमांक सात, जिथे 'आपण ज्यांविषयी संभ्रमात आहात अशा किमान तीन शाखा' लिहायच्या असतात, तिथे तिने सरळ आडवी रेघ मारली होती. खाली लिहिलं होतं, 'संभ्रम नाही. भूगर्भशास्त्र.'

हा रकाना मी स्वतः तयार केलेला आहे. त्यावर रेघ पाहून माझं डोकंच फिरलं. मी विचारलं, हे काय? तर वडीलच सांगू लागले. म्हणे, ही चार वर्षांची असल्यापासून ते प्रत्येक बोअरवरून एक दगड रिकाम्या डब्यात घालून घरी आणतात. संध्याकाळी ही डबा उघडते, दगड धुते, त्यावर नंबर घालते. घरात आता माणसांपेक्षा दगड जास्त झालेत आणि हिची आई रोज ठेचकाळते.

"हिला तेवढं दगडांच्या वर्गात बसवा साहेब," ते म्हणाले. "बाकी आमचं काही मागणं नाही."

मी त्यांना शांतपणे समजावलं. आमच्याकडे आल्या आल्या शाखा मिळत नाही. आधी शोध घ्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाला एक शोधपुस्तिका मिळते. तिच्यात बारा चौकोन असतात. पाच शाखांचे, चार मंडळांचे, तीन इंटर्नशिपचे. बाराही चौकोनांत शिक्के पडले की मग विद्यार्थी आपली आवड कळवू शकतो. आवड असायला आमची हरकत नाही, ती रीतसर सापडलेली असावी एवढंच.

"म्हणजे मला जे सापडलंय तेच परत शोधायचं?" मुलीने विचारलं.

"छे. ते सोडून बाकीचं. आधीपासून आवडणारा विषय पुस्तिकेत चालत नाही, त्याने पक्षपात होतो."

तिने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी माझ्याकडे. मी खोडरबर पुढे केला. रकान्यात तिने अर्थशास्त्र, नाट्यकला आणि संख्याशास्त्र असं लिहिलं आणि अर्ज नियमात बसला.

घाई होती ती वेगळ्याच कारणाने. भूगर्भशास्त्राला त्या वर्षी चारच विद्यार्थी होते. सत्र संपण्याच्या महिन्यात तीस तारखेपर्यंत पाच झाले नाहीत तर शाखा बंद, असा आदेश होता. त्या शाखेचे एकुलते एक शिक्षक, ज्यांना सगळं महाविद्यालय दगडसर म्हणे, दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने उतरून माझ्याकडे आले. "पाचवी आली म्हणे. जरा लवकर सोडा तिला," म्हणाले. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नियम सगळ्यांना सारखा असतो हे सांगितलं. ते पुन्हा तीन जिने चढून गेले.

शाखांचे चौकोन भरायला तिला जड गेले नसते. पण पोरगी पडली खरं बोलणारी. प्रत्येक शाखेत आठवडाभर बसून शेवटी 'या शाखेमुळे मी विचारात पडले' असं लिहून द्यावं लागतं. संख्याशास्त्राच्या आठवड्यानंतर तिने लिहिलं, 'पडले नाही.' शिक्का रद्द. पुन्हा आठवडा. दुसऱ्यांदा तिने लिहिलं, 'थोडी पडले.' मी तिला बोलावून सांगितलं की बाई गं, थोडं हे माप आमच्याकडे नाही. तिसऱ्यांदा तिने 'पूर्ण पडले' लिहून दिलं. त्या दिवशी मला तिच्यात पहिल्यांदा प्रगती दिसली. नाट्यकलेत तर तिने तीन पानी निवेदन दिलं आणि वाचताना तिथल्या मॅडमचे डोळे भरून आले.

मग मंडळं. मैदानात मंडळांची टेबलं लागतात, प्रत्येक टेबलामागे अध्यक्ष बसलेला असतो. वक्तृत्व मंडळाला बोलण्याचा तीन वर्षांचा अनुभव हवा होता. भ्रमंती मंडळ तीन वर्षांत फाटकाबाहेर पडलेलं नव्हतं, कारण परवानगीचा अर्ज कोणाकडे द्यायचा हे ठरत नव्हतं. पण त्यांची निवडणूक दर वर्षी चुरशीची होते. वेळ नियोजन मंडळाची सभा सव्वा तास उशिरा सुरू झाली. साधा सभासद मात्र एकाही मंडळाला नको होता. सगळ्यांकडे पदंच होती आणि ती रिकामी ठेवणं बरं दिसत नव्हतं. अशी ती पंधरा दिवसांत वेळ नियोजनाची सहसचिव, भ्रमंतीची उपाध्यक्ष, घोषवाक्य मंडळाची खजिनदार आणि सकारात्मक विचार मंडळाची तक्रार निवारण प्रमुख झाली. दगडसरांच्या प्रयोगशाळेत जायला तिला दुपारची अर्धी सुट्टी मिळायची, तीही गेली. एकदा तेवढी ती पळत वर जाऊन आली. बाबांनी नवीन आणलेला एक दगड तिला सरांना द्यायचा होता.

इंटर्नशिपला मात्र घोडं अडलं. जिथे जावं तिथे आधीच्या इंटर्नशिपचं पत्र मागत. एका ठिकाणी निदान मुलाखत तरी झाली. त्यांनी विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? ही म्हणाली, "खाणीत." त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

अनुभव नसलेल्या माणसाला कामावर घेणारं ठिकाण सगळ्या शहरात एकच होतं, ते म्हणजे आमचा कक्ष. तिची दया येऊन मी संचालक मॅडमशी बोललो आणि तिन्ही चौकोन आमच्याकडेच भरायची तोड काढली. काम सोपं. इतर मुलांच्या पुस्तिका तपासायच्या आणि शिक्के मारायचे. अहो, काय हात होता पोरीचा! दिवसाला दोनशे पुस्तिका. कोणी 'थोडा पडलो' असं लिहिलं की ती स्वतःच परत पाठवायची, मला सांगावंही लागायचं नाही. स्वतःच्या पुस्तिकेवर शिक्का मारायची तेवढी तिला मुभा नव्हती.

एकोणतीस तारखेला तिचे अकरा चौकोन भरले होते. बाराव्यासाठी एक स्वतंत्र काम द्यायचं असतं. नेमकं त्याच सकाळी मॅडमनी एक मसुदा टाइप करायला पाठवला होता. विद्यार्थिसंख्येअभावी भूगर्भशास्त्र शाखा बंद करण्याची सूचना. दुसरं काम हाताशी नव्हतं. मी तो कागद तिच्यापुढे ठेवला.

तिने तो दोनदा वाचला.

"यात चार विद्यार्थी लिहिलंय."

"बरोबर आहे."

"मी पाचवी आहे ना, काका?"

इतके दिवस ती मला सर म्हणायची. पण मी सरळ नाकासमोर चालणारा माणूस आहे.

"तू अजून शोधात आहेस," मी म्हणालो. "शोधात असलेला माणूस कुठल्याच यादीत धरत नाहीत."

"मग आत्ता शिक्का द्या. उद्या तीस आहे, मी नाव घालते."

"हे टाइप झालं की देतो. त्याशिवाय बारावा चौकोन भरत नाही."

शिक्का माझ्या खणात होता आणि खणाची किल्ली माझ्या खिशात. काढून मारायला एक शिंक यायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. ती माझ्या खिशाकडे बघत उभी राहिली. मी फाइलकडे बघत राहिलो. शेवटी ती खुर्चीवर बसली आणि तिने सूचना टाइप केली. एक चूक नाही. मी लगेच तिच्या पुस्तिकेवर शिक्का मारला, अगदी चौकोनाच्या मधोमध. पूर्ण झालेली पुस्तिका छाननीला जाते. छाननीला कामकाजाचे तीन दिवस लागतात.

तिच्या पुस्तिकेवर 'अत्युत्तम' असा शेरा पडला तेव्हा तीन तारीख होती. शाखांची यादी तोवर नवीन छापून आली होती, पूर्वीपेक्षा एक ओळ आखूड. दगडसरांना घोषवाक्य मंडळाचं मार्गदर्शक नेमलं. त्यांची खोली आमच्या कक्षाला मिळाली, कारण आमचं काम वाढलंय. कपाटातले दगड तेवढे उरले होते. पंख्याने अर्ज उडतात, म्हणून आम्ही ते टेबलांवर वाटून घेतले.

सत्र संपताना तिला उत्कृष्ट शोधक हा सन्मान मिळाला. संचालक मॅडमनी माइकवरूनच विचारलं, मग आता काय करायचं ठरवलंस? ती छान हसली आणि म्हणाली, "अजून बघतेय." काय टाळ्या पडल्या! मॅडम म्हणाल्या, आमच्या कक्षाचं याहून मोठं यश कोणतं. शेवटच्या रांगेत तिचे वडील उभे होते. कामावरून परस्पर आले असावेत, हातात डबा होता, त्यामुळे त्यांना टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

नंतर ते माझ्या टेबलाशी आले. अर्जांच्या गठ्ठ्यावरचा दगड त्यांनी उचलला, अंगठ्याने पुसला.

"हा मी आणलेला. दोनशे फुटांवर लागला होता," ते म्हणाले. "तिने सरांना दिला होता."

मी म्हणालो, कार्यालयीन वस्तू म्हणून नोंद झालीय, पण अर्ज करा, बघू. त्यांनी दगड होता तिथेच ठेवला, कागद उडणार नाहीत अशा बेताने.

"राहू द्या," ते म्हणाले. "घरी तरी आता कोण धुतंय."

हे वाचून तुम्हाला माझा राग आला असेल. येऊ द्या. पण रकाना क्रमांक सात मला सुचला कुठून, ते विचारा की. अकरा वर्षं मी प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मोठ्या माणसांचं बोलणं ऐकतोय. 'एवढ्यात काय ठरवतेस? आधी सगळं बघून घे.' त्यातला एकही शब्द माझा नाही. परवा जेवताना तुमच्या घरातल्या पोरीने तिला काय आवडतं ते सांगितलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते जरा आठवून बघा. मी फक्त त्याचा शिक्का बनवून घेतला.