धनपालअण्णांचं बंद स्टेशन

आमच्या कॉलनीतल्या धनपालअण्णांकडे महागडा कॅमेरा आहे आणि त्यात एकाही माणसाचा धड फोटो नाही. मुलीच्या लग्नात तो गळ्यात अडकवून ते दिवसभर मिरवले. घरी आल्यावर कळलं, फोटो एकच निघालाय, मांडवामागच्या जनरेटरवर लटकणाऱ्या बल्बचा. "माणसं लय हलत्यात," एवढंच त्यांचं म्हणणं.

न हलणारी एकच वस्तू त्यांना जगात सापडली. मिरजेच्या पुढं, दुष्काळी पट्ट्यात, नॅरोगेजच्या काळातलं एक स्टेशन माळावर पडलंय. रूळ गेले, छप्पर गेलं, दारं-खिडक्या आसपासच्या लोकांनी प्रेमानं आपापल्या घरी नेल्या. आमच्या नदीकाठी ऊस डोक्यावर जातो. तिकडं कुसळसुद्धा विचार करून उगवतं. अशा ठिकाणी दिवसा कुणी जात नाही, म्हणून अण्णा रात्री जातात. सांगलीत त्यांचं पंपांचं दुकान. दिवसभर लोकांना पाणी उपसायची यंत्रं विकायची आणि रात्री जिथं थेंब नाही तिथं जाऊन फोटो काढायचे, अशी एकूण जीवनशैली.

फोटो काढायची रीतही खास. फलाटावरच्या गंजक्या खांबाला कंदील टांगायचा, कॅमेरा स्टँडवर चढवायचा, बटण दाबायचं आणि पुतळा व्हायचं. शेजारी कुणी खोकलं तरी दरडावणार, "हलू नका, उजेड गोळा हुतोय." जणू दूध डेअरीवर रांग लागलीय.

एकदा हा माणूस गुप्तधन उकरतोय अशा खात्रीनं गावातली मंडळी काठ्या घेऊन आली. अण्णांनी त्यांनाही गप्प उभं केलं. मंडळी उभी राहिली, पण चुळबुळली; फोटोत ती धुरासारखी उमटली. "बघा, भुतावानी दिसताय," असं अण्णांनी कौतुकानं दाखवल्यावर मंडळी काठ्या तिथंच टाकून गेली म्हणतात.

मध्यंतरी मिरजेत अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. धूळ टाळा, गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. डोळ्याला पट्टी असतानाच ते त्याच संध्याकाळी माझ्या दारात हजर.

"सर, गाडी काढा. स्टेशनावर जायचंय."

"अण्णा, एका डोळ्यानं काय फोटो काढणार?"

"कॅमेऱ्याला तरी कुठं दोन असत्यात?"

मी गाडीची किल्ली घेतली. गेलो. वाऱ्यानं धूळ उडत होती, बाभळीचे काटे चपलेतून पायाशी ओळख करून घेत होते. अण्णांनी कंदील टांगला, माझा पुतळा केला, उजेड गोळा केला. फोटो मोबाईलवर घेऊन लगेच कुणाला तरी पाठवला. स्पर्धेला वगैरे असेल, असं मला वाटलं.

"कुणाला पाठवलात?"

"हिला. मास्तर बघितल्याबिगर झोपत न्हाईत."

"कोण मास्तर?"

"माझे सासरे. ह्याच स्टेशनाचे मास्तर हुते."

अण्णांच्या पत्नी सुनंदावहिनी, त्यांचे अंथरुणाला खिळलेले वडील वर्षभरापासून अण्णांच्या घरी आहेत, एवढंच मला ठाऊक होतं. अण्णा फलाटाच्या कडेला बसले.

"आमचं लग्न जातीबाहेरचं. तवापासनं मास्तरांनी माझं तोंड बघितलं न्हाई. आता सगळं इसरलेत. घर जावयाचं हाय हे कळत न्हाई, म्हणून तर राहत्यात." ते हसले. "पर अंधार पडला की तळमळत्यात. स्टेशनात दिवा लागला का, गाडी अंधारात येईल, म्हणत्यात. दिवा दावला की निवांत."

"मग जुनाच फोटो दाखवायचा."

"दावला की. त्यांनी खिडकीतनं चांद बघितला, मग फोटोतला बघितला. हा दिवा आजचा न्हाई, म्हणाले. रातभर उठून ड्युटीवर यायला बघत हुते."

तेवढ्यात अण्णांचा मोबाईल वाजला. अण्णांना घाईत बटण दिसेना, म्हणून मीच तो स्पीकरवर लावून दिला.

"बघितला त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "पडलेत आता शांत. अहो, आज विचारत होते, दिवा लावणारा माणूस कोण. मी म्हटलं, धनपाल नावाचा आहे."

"बरं."

"म्हणाले, एवढ्या उजाड जागी येतो बिचारा, कधी कुरकुर नाही. उद्या त्याला घरी जेवायला बोलाव."

अण्णा कंदिलाकडं बघत राहिले. मीही हललो नाही. या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं.

"ऐकताय ना? काय सांगू त्यांना?"

"येतो म्हणावं," अण्णा म्हणाले. मग घाईनं मोबाईल तोंडाजवळ धरून म्हणाले, "आणि ते जागे असतील तर इचार, किती वाजता येऊ."