सफरचंदाचा क्रिस्प 'पास' होतो

रविवारी सासूबाई जेवायला येणार होत्या. "गोड मी करणार!" असं मी जाहीर केलं आणि बायकोच्या हातातला डाव जागच्या जागी थांबला.

"अहो, बाजारातून आणू या ना काहीतरी!"

"सफरचंदाचा क्रिस्प. घरी केलेला. बघच तू!"

(बारा वर्षांत सासूबाईंच्या तोंडून माझ्याबद्दल एक चांगला शब्द निघालेला नाही. तेवढा एक शब्द मला हवा होता. गोडाचं मला तसं काही नाही.)

मी फरशांच्या कारखान्यात तपासनीस आहे. भट्टीतून निघालेली फरशी बोटाने वाजवायची. 'टण्' वाजली की पास, 'थप्प' वाजली की परत भट्टीत. एकवीस वर्षांत माझ्या हाताखालून एकही कच्ची फरशी बाहेर गेलेली नाही. आणि ओव्हन म्हणजे तरी काय, घरगुती भट्टीच की!

सफरचंदं चिरली, वर लोणी, साखर आणि ओट्सचा थर दिला, ट्रे आत सरकवला. पाऊण तासात घरभर वास सुटला.

"झालं, काढा आता," बायको म्हणाली.

मी थर वाजवून पाहिला. थप्प!

"कच्चा आहे."

"अहो, गरम असताना मऊच असतो तो. गार झाला की होतो कुरकुरीत."

"भट्टीतलं तू मला शिकवू नकोस!"

पुन्हा वीस मिनिटं. थप्प. पुन्हा वीस. चौथ्या खेपेला मात्र टण्! मी मोठ्यांदा 'पास' म्हणालो.

गार झाल्यावर त्यात सुरी शिरेना. (बायकोने कपाळाला हात लावला.) पण मी डगमगतो की काय! माझी तपासणीची हातोडी आणली आणि चौकोनी तुकडे पाडले. कोपरे अगदी काटकोनात.

सासूबाईंनी एक तुकडा उचलला. खाल्ला नाही, त्यावर चमचा मारला. टण्! मग उलटसुलट करून पाहिला. मी श्वास रोखून बसलो होतो.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "काम पक्कं आहे हो तुमचं! चार तुकडे घरी नेऊ का?"

मला अगदी भरून आलं. मी चाराऐवजी सहा बांधून दिले.

आठवड्याने बायको फोन ठेवत म्हणाली, "आई विचारतेय, क्रिस्प पुन्हा करून द्याल का?"

"बघ! आवडला ना?"

"फार. जेवणाचं टेबल डुगडुगायचं थांबलं. आता कपाट राहिलंय. त्याचा पाय जरा जास्तच आखूड आहे, तेव्हा या खेपेला थोडा जाड करा म्हणाली."