माझं इंग्रजी आणि उस्त्याची रजा

इंग्रजी म्हणजे काय हो मोठं! सबंध आयुष्य मी आमच्या दौगावपिल्स शहराच्या रस्त्यांवरून ट्राम चालवली. बर्फात चालवली, धुक्यात चालवली, पुढ्यात दारुडे आडवे पडलेले असताना चालवली, पण एकदाही रूळ सोडला नाही. त्या माणसाला एक भाषा जमणार नाही? हिवाळा यायच्या आत फाडफाड बोलून दाखवतो, असं मी शेजारच्या प्रोखोरला छातीठोक सांगितलं.

प्रोखोर म्हणाला, "येफिम, या वयात माणसं जे येतंय ते विसरतात."

हा प्रोखोर असाच आहे. लग्नाला गेला तरी तेराव्याला आल्यासारखा बसतो.

मला इंग्रजी हवं होतं ते जावयासाठी. माझी मुलगी उस्त्या आयर्लंडला गेली, मशरूमच्या शेडमध्ये कामाला लागली आणि तिथल्याच ब्रेंडनशी तिनं लग्न केलं. दर रविवारी फोनच्या पडद्यावर दोघं दिसायची. ब्रेंडन म्हणायचा, "हॅलो, येफिम!" मी म्हणायचो, "हॅलो, ब्रेंडन!" मग आम्ही दोघं मांजराने उंदराकडे बघावं तसे एकमेकांकडे बघत बसायचो. शेवटी तो म्हणायचा, "बाय!" सासरा-जावयाचं एवढंच नातं. माझी बायको अन्फिसा होती तोवर ती हातवारे करून त्याच्याशी तासभर बोलायची. ती गेल्यावर हातवारेही संपले.

तर वाचनालयात म्हाताऱ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग होता, त्यात मी नाव घातलं. मी येतो म्हटल्यावर कुरकुरत का होईना, प्रोखोरही आला. शिकवायला रेगिनाबाई. हाडाच्या शिक्षिका! पहिल्याच दिवशी त्यांनी 'द' म्हणायला लावलं. इंग्रजांना प्रत्येक वस्तूच्या आधी हा 'द' लागतो. आमच्या रशियन भाषेत खुर्ची म्हणजे खुर्ची, तिला पुढे शेपूट लागत नाही.

"जीभ दातांत धरा आणि हवा सोडा," बाई म्हणाल्या.

प्रोखोरनं जीभ दातांत धरली, हवा सोडली आणि त्याची कवळी थेट रेगिनाबाईंच्या वहीवर जाऊन पडली!

"उच्चार बरोबर आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता दात घेऊन जा."

पाऊस, चिखल आणि भूतकाळ यांत ऑक्टोबर गेला. भूतकाळ म्हणजे व्याकरणातला. बाईंचं म्हणणं, म्हाताऱ्यांना तोच आधी येतो. धड्यात कुणी ग्रीन नावाचे गृहस्थ होते. ते उठले, ते जेवले, त्यांनी छत्री हरवली. आम्ही रोज एकेक करून ते मोठ्यानं वाचायचो.

मग बाईंनी गृहपाठ दिला. इंग्रजी येणाऱ्या खऱ्याखुऱ्या माणसाला फोनवरून चार ओळी पाठवायच्या. नेमका त्याच आठवड्यात माझा घसा धरला. टॉन्सिल सुजून अक्रोडाएवढे झाले, आवाज पार बसला. आमच्या भाषेत या दुखण्याला 'अंगीना' म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि एक 'देकादा' अंथरुणात पडून राहायला सांगितलं. देकादा म्हणजे आमच्यात दहा दिवस.

म्हटलं, पडल्या पडल्या जावयाला लिहू! शब्दकोश प्रोखोरचा, तो कारखान्यात होता तेव्हाचा, सगळा यंत्रांचा. त्यात अंगीना नव्हतं. पण ते इंग्रजीसारखंच वाटतंय यावर आम्हा दोघांचं एकमत झालं. मी लिहिलं ते असं:

"प्रिय ब्रेंडन, मी दौगावपिल्समध्ये राहत होतो. मी ट्राम चालवत होतो. मला सूप आवडत होतं. माझं उस्त्यावर फार प्रेम होतं. आता मला अँजायना आहे. डॉक्टर म्हणाल्या, एक डेकेड उठायचं नाही. मी चांगला माणूस होतो. आभारी आहे."

"शेवटचं वाक्य जरा जास्त होतंय," प्रोखोर म्हणाला.

"व्याकरण बरोबर आहे ना?"

"व्याकरण बरोबर आहे."

पाठवून दिलं!

आता तुम्ही म्हणाल, यात काय चुकलं? मला तरी कुठे माहीत होतं! इंग्रजांत अँजायना म्हणजे हृदयाचं दुखणं. डेकेड म्हणजे दहा वर्षं. आणि सगळंच भूतकाळात लिहिणारा माणूस म्हणजे निरोप घेणारा माणूस.

तासाभरात ब्रेंडनचं उत्तर आलं. आम्ही शब्दाला शब्द लावून वाचलं. बाकी सगळं सांत्वनाचं होतं. घसा दुखतोय म्हणून एवढा कळवळा! मला गहिवरून आलं. एक ओळ मात्र अडली. त्याच्या आईनं माझ्यासाठी 'मास' दिला होता. प्रोखोरच्या शब्दकोशात मास म्हणजे वस्तुमान.

"तुझ्यासाठी तिनं वस्तुमान दिलंय," प्रोखोर म्हणाला. "म्हणजे पार्सल येतंय. वजनदार."

"हॅम असेल का?"

"चीजही असेल."

खरं तर चर्चमधल्या प्रार्थनेलाही इंग्रजीत 'मास' म्हणतात, आणि त्या माउलीनं माझ्यासाठी तीच करवली होती. माझा फोटो, पुढे मेणबत्ती, सगळं गाव गुडघ्यांवर!

तेवढ्यात उस्त्याचा फोन आला.

"बाबा! ब्रेंडननं सगळं सांगितलं! कधीपासून त्रास होतोय?"

माझ्या घशातून नुसती खरखर आली. "सोमवार... गिळवत नाही..."

"बोलू नका! एक शब्द बोलू नका! मला आधी का नाही कळवलंत?"

"एवढ्यासाठी... कशाला... सगळ्यांनाच... होतं..."

पलीकडे हंबरडा ऐकू आला आणि फोन बंद झाला. मी प्रोखोरला म्हटलं, बघ, मुलगी असावी तर अशी!

दोन दिवसांनी दारावरची घंटा वाजली. गळ्याला मफलर, हातात पेल्मेनीची, म्हणजे खिमा भरलेल्या उकडलेल्या मोदकांची वाटी, अशा थाटात मी दार उघडलं. दारात उस्त्या उभी! केस भिजलेले, डोळे सुजलेले, हातात चाकांची बॅग. मी तिच्या मागे डोकावलो.

"पार्सल कुठंय?"

"कसलं पार्सल? बाबा, तुम्ही उभे कसे? आणि खाताय काय?"

"पेल्मेनी. तुला देऊ?"

तिनं मला खुर्चीत ढकललं, छातीला कान लावला आणि रडायला लागली. मग घसा, अंगीना, डेकेड असं एकेक करून सगळं उलगडलं. उस्त्या रडायची थांबली. आवाज ऐकून आलेला प्रोखोर आपला शब्दकोश कोटाखाली लपवून निघून गेला.

"अहो बाबा, मला काय वाटलं असेल याची कल्पना आहे तुम्हाला? विमानात शेजारचा माणूस मला रुमाल देत होता!"

मी हसायला गेलो. तेवढ्यात तिनं टॉवेल काढायला बॅग उघडली. सगळ्यात वर काळा पोशाख होता, नीट घडी घातलेला. अन्फिसाच्या दफनाला घातला होता तोच. तिनं पटकन बॅग मिटली. मी वाटीतली थंड पेल्मेनी खाल्ली.

रात्री समजलं, नव्या वर्षाला यायला म्हणून जपून ठेवलेली रजा तिनं यात घातली होती. म्हणजे नवं वर्ष गेलं. पण निदान हा आठवडा तरी होता! आम्ही बीटाचं सूप केलं, अन्फिसाच्या कबरीवर जाऊन पानं झाडली, भांडलो सुद्धा. मुलगी घरात भांडतेय म्हणजे काय चैन असते, ते ज्याचं घर रिकामं आहे त्यालाच विचारा.

पण तिच्या मनातून ते हृदय काही जाईना. तिसऱ्या दिवशी मला धरून दवाखान्यात घेऊन गेली. छातीला तारा लावल्या, पट्टी निघाली. डॉक्टरीणबाईंनी ती पट्टी उजेडात धरली.

"हे हृदय आहे की ट्रामचं इंजिन? वीस वर्षं तरी काही होत नाही यांना!"

उस्त्यानं त्यांना मिठीच मारली. मी शर्टाची बटणं लावत होतो. छातीत आनंद मावेनासा व्हायला हवा होता, पण कुठेतरी गळत होता.

बाहेर गारांचा पाऊस चालू होता. ट्रामच्या थांब्यावर उस्त्यानं फोन काढला.

"ब्रेंडन, सगळं ठीक आहे! हो, एकदम ठणठणीत!" मग मला म्हणाली, "बाबा, रीगाहून उद्या सकाळी एक विमान आहे. तुम्ही बरे आहात तर मी निघते. उरलेली रजा तरी वाचेल."

मी खोकलो. तिनं काही ऐकलं नाही, म्हणून जरा मोठ्यानं खोकलो, छातीवर हात ठेवून.

फोनमधून डोकं वर न काढता उस्त्या म्हणाली, "बाबा, आत्ताच तपासलंय त्यांनी. घसाही बरा झालाय."