कारभाऱ्यांनी मुलींस परीक्षेच्या दारी उभे केले त्याची हकिकत

॥ आदिमाया साक्ष ॥

शके सतराशे पाच, शोभकृत संवत्सर, मार्गशीर्ष मास. आमचे चिरंजीव त्र्यंबकराव, राज्याचे पाठशाळेचे कारभारी, यांची वर्तणूक बिघडली, ती आम्ही लिहितो. पोटचा म्हणोन झाकणार नाही.

ते दिवशी राजधानीचे पंडित गणिताची परीक्षा घेऊ आले. जो उतरेल त्यास थोरले पाठशाळेत जागा, आणि बसणे जन्मात एकदाच. आमची नात यमुना, त्र्यंबकरावांचीच लेक, वर्षभर त्रैराशिक घोकीत होती, आणि भाकरी थापता थापता पिठात आकडे मांडी, आणि भाकरी करपली म्हणोन आम्ही ओरडलो तरी हसे. मग कौतुक पाहावे म्हणोन आम्ही पायीच गेलो, आणि पाहतो तो मंडपात सारे मुलगे पाट्या घेऊन बसलेले, आणि मुलगी एक नाही. मुली सगळ्या दाराबाहेर, कोणी रांगोळी घालते, कोणी विडे लावते, आणि यमुना औक्षणाचे ताट धरून उभी. पुसिले तो ती म्हणे, पंडित जाताना पुन्हा ओवाळायचे आहे, बाबांनी हलू नको म्हणोन सांगितले. आणि डोळे भरले.

मग त्र्यंबकरावांस गाठिले. ते नवा जरीचा अंगरखा सावरीत वदले की, आईसाहेब, पाहुणा आला की मुली स्वागतास, ही वडिलांपासूनची चाल. आम्ही म्हटले, तुझ्या वडिलांस आपला जोडा कोठे काढला तेही ठाऊक नसे, चाल काय ठाऊक असणार. इतक्यात वृद्ध पंडित पाणी प्यावयास बाहेर आले आणि मोठ्या मायेने म्हणाले की, बाईसाहेब, खंत करू नये, मुलींस गणिताची आवड नसतेच. तुमचे कारभारी दरसाल हेच कळवितात, आणि दरसाल एकही बसत नाही, तेव्हा खरेच असले पाहिजे. पोरींस दारी अडवावे आपण, आणि नावड पोरींची म्हणोन राजधानीस कळवावे, ऐसे शास्त्र आमचेच पोटी निपजले.

मग पंडितांस पुसिले, वेळ उरला आहे काय. ते चकित होऊन होय म्हणाले.

सारांश, आमच्या राज्यात मुलींची बुद्धी न तपासताच कमी ठरली होती. मग आम्ही यमुनेचे हातचे ताट काढून घेतले आणि सर्वांदेखत चिरंजिवांस बोलिलो:

"त्रिंबका, साऱ्या पोरी आता आत जातील. उतरल्या तर उतरल्या, नाही तर नाही, पण ते पाटीवर ठरू दे. पंडितांस ओवाळणे राहिले म्हणतोस, तर हे ताट धर आणि तू ओवाळ. सजून उभा तर आहेसच."