हृदयाला नमस्कार करणारे डॉक्टर

आमचे बोरकर डॉक्टर पेशंटशी नंतर बोलतात, आधी त्याच्या हृदयाशी. इकोच्या मशीनवर हृदय दिसलं की हात जोडतात, "नमस्कार! काय म्हणता?" एकदा एक वकीलसाहेब पडल्या पडल्या "ठीक आहे" म्हणाले. डॉक्टर पडद्यावरच्या हृदयाकडं बोट दाखवत वैतागले, "तुम्ही चूप राहा ना जी! मी यायले विचारून राहिलो."

नागपुरात धंतोलीतल्या त्यांच्या दवाखान्यात मी बारा वर्षं रिपोर्ट टाइप करतेय. छातीला लावायची जेली थंडगार असते, लेकरं दचकतात, म्हणून डॉक्टर ती बाटली खिशातच ठेवतात. एका लग्नात ती पंगतीत निघाली. वाढप्याला वाटलं, साहेब घरचं तूप घेऊन आले.

मागच्या महिन्यात बुटीबोरीहून सुनंदा आली. कापडाच्या कारखान्यात कामाला. सोबत आठ वर्षांची परी. शाळेतल्या तपासणीत तिच्या छातीत आवाज ऐकू आला होता. झडपेत जन्मापासून दोष असेल, असं कोणीतरी सांगितलं, आणि आईनं तिचं खेळणंच बंद केलं.

"नमस्कार बाईसाहेब! काहून एवढा गोंगाट करून राहिल्या?" डॉक्टरांनी विचारलं. परी खुदकन हसली. पडद्यावर लाल-निळे रंग नाचू लागले. मग डॉक्टर पडद्याजवळ वाकून पुन्हा पुन्हा बघू लागले. सुनंदानं माझा हात घट्ट धरला.

"हे पाह्य माय," अखेर ते म्हणाले, "हा फुप्फुसाकडं जायचा दरवाजा. याच्या पाकळ्या जन्मापासून जराशा चिकटून हायेत. रक्त दाटीनं जाते, म्हणून आवाज. पण हृदयाले काही तरास नाही. दरसाल दाखवून जायचं, बस."

"आन् पळणं?"

"पळू दे ना वं तिले!"

परीनं तेवढंच ऐकलं. बाहेरच्या लांब व्हरांड्यात तिनं धूम ठोकली. पेशंट ताटकळले होते, तरी डॉक्टर दारात उभे राहून टाळ्या पिटत होते.

मी म्हटलं, "सर, लहानपणी तुम्हीही खूप पळत असाल."

"कुठचं? माह्याही छातीत असाच आवाज होता. तवा हे मशीन कुठं? माय मले आंगणातही पळू देत नव्हती. डॉक्टर झालो, मशीन हाती आलं, तं पहिले सोताच्याच छातीले लावलं. दोष एवढूसा निघाला, हिच्यापेक्षाही कमी." त्यांनी पळणाऱ्या परीकडं पाहिलं. "मायले सांगाचं होतं. पण ती तवा नव्हती."

व्हरांड्याच्या टोकावरून परी ओरडली, "डॉक्टर, आता तुम्ही!"

बोरकर डॉक्टरांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि चपला काढल्या.